तुम्ही विचारलंत म्हणून: मिनीचं इंजिन कमी खर्चात बांधायचं तर पैसा कुठे वाचवायचा?

जुन्या मिनीचं किंवा मॉरिस मायनरचं (दोन्ही ब्रिटिश गाड्या) इंजिन कमी पैशांत बांधता येतं का, असं नेहमी विचारलं जातं. येतं. दोन्हींत असलेलं ए-सिरीज इंजिन १९५१ मध्ये ऑस्टिन ए३० या गाडीबरोबर आलं आणि २००० पर्यंत बनत राहिलं, त्यामुळे सुटे भाग मिळतात. पैसा जातो तो घाईपायी. इंजिन खोलायच्या आधीच पिस्टनचा सेट मागवायचा, मग बोअर (पिस्टन ज्यात सरकतो ते भोक) मूळ मापाच्या +०.०२० इंचाला साफ होत नाही, +०.०४० ला न्यावा लागतो, आणि आणलेले पिस्टन पडून राहतात.

म्हणून आधी खोला, धुवा, मोजा. बोअर वर, मध्ये, खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. सगळ्यात जास्त झीज पिस्टनची वरची रिंग जिथवर जाते तिथे असते. ती ०.००५ इंचाच्या आत असेल तर हलकं होनिंग (बोअरची भिंत दगडाने घासणं) आणि नव्या रिंगा पुरतात. मात्र बोअरच्या वरच्या टोकाला राहिलेली कड आधी काढा. नवी रिंग तिच्यावर आपटून तुटते. क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) ०.००१ इंचाहून जास्त अंडाकार झाले असतील तर ग्राइंड करून घ्या, आणि बेअरिंग त्यानंतरच मागवा. क्रँक परत आल्यावर त्यातल्या तेलाच्या वाटा ब्रशने घासा. तिथली ग्राइंडिंगची भुकटी नवं बेअरिंग खाऊन टाकते.

खोलणं, कार्बन काढणं, व्हॉल्व्ह घासणं यांची मजुरी वाचवा. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) चांगला असेल तर तोच ठेवा, फक्त प्रत्येक टॅपेट (कॅमवर टेकणारा ठोकळा) ज्या भोकातून निघाला त्यातच परत गेला पाहिजे. कॅम नवा घेतलात तर टॅपेटही नवेच. इथे काटकसर केली की कॅमची नाकं (उंचवटे) घासून जातात.

हेडवर (सिलिंडरांवरच्या झाकणावर) एक पैसाही लावण्याआधी त्याची प्रेशर टेस्ट (दाब देऊन तडा शोधणं) करून घ्या. १२७५ सीसीचं हेड दोन व्हॉल्व्हच्या मध्ये तडकतं. अनलेडेड पेट्रोलसाठी कडक सीट (व्हॉल्व्ह टेकतात त्या कड्या) बसवायच्याच असतील तर फक्त एक्झॉस्टच्या बसवा. सीट धड असेल तर तेही थांबू शकतं: एक्झॉस्टचं टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हशी ठेवलेली फट) वारंवार कमी व्हायला लागलं की समजा सीट खचतेय.

मिनीत गिअरबॉक्स इंजिनच्याच तेलात चालतो. बेअरिंग गेलेलं असेल तर त्याचा चुरा खाली उतरलेला असतो, तेव्हा गिअरबॉक्स न खोलता इंजिन बांधणं म्हणजे पैसे पाण्यात.

बांधताना थ्रस्ट वॉशरच्या (क्रँकची पुढेमागे हालचाल रोखणाऱ्या चकत्यांच्या) खाचा क्रँककडे ठेवा, एन्डफ्लोट (ती हालचाल) ०.००२ ते ०.००३ इंच. ऑइल पंपात व्हॅसलीन भरा, नाहीतर तो सुरुवातीला तेल ओढत नाही. स्पार्क प्लग काढून स्टार्टरने फिरवा, तेलाचा दाब दिसल्यावरच प्लग लावा. नवा कॅम असेल तर लगेच आयडलवर सोडू नका. पहिली वीस मिनिटं २००० आरपीएमच्या वरच, कारण कॅमवर तेल उडतं ते क्रँक जोरात फिरल्यावर. नंतर इंजिन थंड झालं की टॅपेटची फट ०.०१२ इंचाला लावा.