सक्ती कशाला, इथे पोरं पहाटे चारला उठून पळतायत

परवा गावाकडच्या लग्नात परत तोच विषय निघाला, प्रत्येक पोराला दोन वर्षं कम्पल्सरी आर्मीत टाका, आपोआप वळण लागेल. बोलणारे पाहुणे पुण्याचे, माणूस चांगला, मनापासून बोलत होते. पण मला घास जाईना, कारण माझा पुतण्या तिथेच पंगतीत वाढत होता आणि त्याने सगळं ऐकलं.

आमच्या साताऱ्याकडे पहाटे गाडी घेऊन निघालात की हेडलाइटच्या उजेडात आर्मी भरतीसाठी पोरं पळताना दिसतात. पुतण्या त्यातलाच. साडेपाच मिनिटांत सोळाशे मीटर मारलं तर पैकीच्या पैकी 60 मार्क, मग बीमवर पुल-अप्स, नऊ फुटी खड्ड्यावरून उडी, मेडिकल, आणि आता तर हे सगळं व्हायच्या आधी ऑनलाइन लेखी पास व्हावी लागते. एकदा तो पळण्यात थोडक्यात गेला, दुसऱ्यांदा मेडिकलला. लागला असता तरी अग्निवीर म्हणून 4 वर्षं, आणि त्यातले जास्तीत जास्त 25 टक्के पुढे कायम. ज्याला जायचंय त्याला जागा मिळत नाहीये हो, आणि आपण ज्याला जायचं नाही त्याला ओढायच्या गप्पा मारतोय.

सक्तीचा एक प्रयोग आपल्याकडे झालेला आहे, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. 62 च्या चीन युद्धानंतर 1963 ला कॉलेजात एनसीसी सक्तीची केली आणि 1968 ला परत ऐच्छिक करावी लागली. आमचे आप्पा तेव्हा कॉलेजला होते, ते सांगतात की निम्मी पोरं फक्त हजेरीपुरती यायची, पण ज्यांना खरंच आवड होती ती पुढेही परेडला जात राहिली.

आणि हिशोब तरी बघा ना, आर्मी साधारण 12 लाखांची आणि देशात दरवर्षी दोन कोटींच्या वर पोरं-पोरी अठराची होतात, त्यांना शिकवणार कोण, ठेवणार कुठे, आणि बॉर्डरवरचे उस्ताद, म्हणजे ट्रेनिंग देणारे फौजी, काढून इकडे आणायचे का?

एक मुद्दा मात्र मला खरंच टोचतो, तो बरोबरीचा. दक्षिण कोरियात बीटीएस या पॉप बँडच्या जिनलाही 18 महिने वर्दी घालावी लागली, तिथे पॉपस्टार म्हणून सुटका नाही. आपल्याकडे साताऱ्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात घराघरात फौजी, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जण कामी आले, आणि शहरात अख्ख्या सोसायटीत एकही घर सापडत नाही ज्याने कुणाची सुट्टी संपताना एसटी स्टँडवरचा निरोप बघितलाय. हे बरोबर नाहीच. पण त्यावर उपाय म्हणून दोन वर्षं धरून नेलेला पोरगा सियाचीनला पाठवणार का? आणि त्याच्या शेजारी उभा असलेला, मनाने आलेला जवान कुणाच्या भरवशावर उभा राहील?

पाहुण्यांना मी यातलं निम्मंच बोललो. रात्री पुतण्या म्हणाला, काका, त्यांना सांगा की त्यांच्या पोराची जागा मला द्या. पुढच्या महिन्यात त्याचं भरतीचं ग्राउंड आहे, वयात बसणारं हे शेवटचं.