एरोबिक डान्स: वजनकाटा हटत नाही, टेप मात्र सरकली

एरोबिक डान्सने काय बदललं ती मापं आधीच देऊन टाकते, नाहीतरी सगळ्यांची नजर तिथेच जाणार. वजन ७१.८ वरून ७०.६ किलो. कंबर ९१ वरून ८७ सेंमी. नितंबांचा घेर १०८ वरून १०६.५. दंड अर्ध्या सेंटिमीटरने उतरला, मांडी होती तिथेच आहे. उंची १५८ सेंमी, त्यामुळे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) २८.८ चा २८.३ झाला. नुसता बीएमआय बघितला तर वाटेल, फारसं काही घडलंच नाही. मला मात्र कंबरेच्या चार सेंटिमीटरचा मनापासून आनंद झालाय.

कारण पोटाच्या आत, अवयवांभोवती साठलेली चरबी एरोबिक व्यायामाला चांगली दाद देते. वजन विशेष घटलं नाही तरी ती कमी होऊ शकते. मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका तिच्याशीच जास्त जोडलेला असतो. काटा का हलत नाही, याचंही कारण आहे: व्यायाम नव्याने सुरू केला की स्नायू जास्त ग्लायकोजेन (ऊर्जेसाठी साठवलेली साखर) साठवायला लागतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतात. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत काट्यावरून निकाल लावू नका, असं मी प्रत्येक नव्या मैत्रिणीला सांगते.

अर्थात माप नीट घेतलं तरच त्याला अर्थ. बरगडीची शेवटची कड बोटांनी चाचपायची, मग कंबरेच्या हाडाचा वरचा काठ शोधायचा आणि दोन्हींच्या बरोबर मधोमध टेप धरायची. बेंबीवर भरवसा ठेवू नका, प्रत्येकीची बेंबी वेगळ्या उंचीवर असते. टेप जमिनीला समांतर हवी, कातडीत रुतता कामा नये. श्वास सहज सोडायचा, पोट आत ओढायचं नाही, आणि मग आकडा वाचायचा. मी दोनदा मोजते. एक सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर पुन्हा. पाळीच्या आधी अंगात पाणी साठून पोट फुगतं, त्यामुळे माप नेहमी पाळी संपल्यावरच, सकाळी उपाशीपोटी.

आता नाचाबद्दल. सध्या मिनिटाला १३० बीटच्या आसपासचं संगीत लावते. स्टेप-टच (एक पाऊल बाजूला, दुसरं त्याच्याजवळ टेकवायचं), ग्रेपवाइन (बाजूला जाताना एक पाय दुसऱ्याच्या मागून टाकायचा), व्ही-स्टेप (पावलांनी इंग्रजी व्ही काढायचा), हॅमस्ट्रिंग कर्ल (टाच मागे नितंबाकडे उचलायची) असा बत्तीस काउंटचा, म्हणजे बत्तीस ठोक्यांचा ब्लॉक. पाय सवयीचे झाले की त्यातच हात घालायचे. हात खांद्याच्या वर गेले की नाडी लगेच चढते, उडी मारावी लागत नाही. वजन जास्त असताना गुडघ्यांसाठी हे फार महत्त्वाचं: लो-इम्पॅक्टमध्ये एक पाय कायम जमिनीवर असतो. जोर किती लावायचा? बोलता येतंय पण गाता येत नाही, तो मध्यम जोर. वयाच्या हिशेबाने माझी नाडी तेव्हा १२५ ते १५०च्या दरम्यान असते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला अशी १५० ते ३०० मिनिटं सांगते. १५०चा पल्ला आता सहज गाठते, पुढचा बेत २००चा.

‘फक्त मांड्या कमी करणारी स्टेप सांग,’ असं बऱ्याच जणी विचारतात. तशी स्टेप नाही. चरबी कुठून आधी उतरणार हे शरीर ठरवतं, आपण हलवतो तो भाग ठरवत नाही. आणि एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी, त्यामुळे खाणं तेवढंच ठेवून नुसत्या नाचावर वजन भराभर उतरेल अशी आशा धरू नका. मी खाण्यात फारसा बदल केलेला नाही, तेव्हा वरचे आकडे वाचताना तेही लक्षात घ्या.

पुढचं लक्ष्य वजनाचं ठेवलेलं नाही. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी, म्हणजे माझ्यासाठी ७९च्या आत, हेच डोळ्यांसमोर आहे. दोन दिवस स्क्वॅट आणि डंबेलही जोडणार आहे, म्हणजे स्नायू टिकून राहतील. तुमच्यापैकी कोणी कॅलिपरने (चिमट्यासारख्या मोजपट्टीने) दंडामागच्या आणि मांडीच्या कातडीची घडी मोजत असेल तर पद्धत नक्की लिहा. मांडीचा घेर तोच असला तरी आत काय बदललंय ते मला बघायचंय.