आमची वाटचाल : बॅटऱ्यांचा हिवाळा

मिरजेत वडिलांचं बॅटरीचं छोटं दुकान होतं. ट्रॅक्टरच्या, ट्रकच्या बॅटऱ्या यायच्या. शाळेतून आलो की डिस्टिल्ड वॉटर भरायचं काम माझं. नवी बॅटरी विकायची घाई वडिलांनी कधी केली नाही. "आधी चार्जिंगला लाव, रात्रभर राहू दे, मग बघू," हे त्यांचं ठरलेलं. पुढे कॅनडात कॅलगरीला आलो, काही वर्षं दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये काढली आणि मग भाड्याच्या गाळ्यात स्वतःचं काम सुरू केलं, ते याच एका सवयीच्या भरवशावर.

इथं ऑक्टोबरात उभी केलेली कॅम्पर व्हॅन (आत झोपण्या-राहण्याची सोय असलेली गाडी) थेट एप्रिल-मेमध्ये हलते. मधे पारा उणे ३० पर्यंत उतरतो. मे महिन्यातली व्हिक्टोरिया डेची जोडसुट्टी जवळ आली की सगळ्यांनाच बॅन्फच्या डोंगरांकडे निघायचं असतं, आणि व्हॅनमधला दिवा लागत नाही. लोकांना वाटतं, थंडीनं बॅटरी मेली. खरं तर थंडीत बॅटरी आपोआप उतरते ती सावकाशच. तिला रिकामी करतो तो गॅसगळतीचा अलार्म. बऱ्याच गाड्यांत तो थेट बॅटरीला जोडलेला असतो, मुख्य स्विच बंद केला तरी चालूच. ०.१ अँपिअर म्हटलं तरी दिवसाला २.४ अँपिअर-तास गेले. १०० अँपिअर-तासांची बॅटरी दीड महिन्यात रिकामी. मग थंडी घात करते. भरलेल्या बॅटरीतलं ॲसिड उणे ५० लाही गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीत जवळजवळ पाणीच उरतं आणि ते उणे १० च्या आसपास गोठतं.

पहिल्याच वर्षी अशी एक फुगलेली बॅटरी मी घाईत चार्जरला लावली. आतला बर्फ वितळला नव्हता. डब्याला चीर गेली आणि ॲसिड टेबलावर आलं. कुणाला इजा झाली नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. गिऱ्हाइकाला नवी बॅटरी माझ्या खर्चानं दिली. तेव्हापासून आलेली बॅटरी आधी २४ तास गाळ्याच्या उबेत ठेवतो. फुगलेली किंवा चिरलेली असली तर चार्जिंग नाहीच.

एक निवृत्त शिक्षिका ६ व्होल्टच्या दोन पाण्याच्या बॅटऱ्या घेऊन आल्या होत्या. दोन्ही मिळून १० व्होल्टसुद्धा नव्हते, त्यामुळं बाईंचा ऑटोमॅटिक चार्जर त्या बॅटऱ्यांना ओळखतच नव्हता. दुसरीकडे "टाकून द्या" असं सांगितलेलं. मी प्लेटा बुडतील एवढंच पाणी घातलं, कारण चार्ज होताना पातळी वर येते, आणि साध्या चार्जरनं १० अँपिअरवर लावल्या. रोज सकाळी हायड्रोमीटरनं (ॲसिडची घनता मोजणारी नळी; चार्ज जितका जास्त तितका आतला फ्लोट वर) एकेक सेल, म्हणजे बॅटरीतला कप्पा, बघायचो. पहिल्या दिवशी फ्लोट तळाशीच. तिसऱ्या दिवशी सहापैकी पाच सेल १.२५० वर आले, एक १.२०० वर अडून बसला. मग शटर उघडं ठेवून (हायड्रोजन सुटतो) काही तास १५.५ व्होल्ट दिले. हे फक्त पाण्याच्या बॅटरीला. एजीएम किंवा जेल या बंद, पाणी न घालायच्या बॅटऱ्यांना दिलं तर त्या कायमच्या जाऊ शकतात. संध्याकाळी तो सेलही वर आला. लोड टेस्टनंतर (बॅटरीवर भार टाकून घेतलेली चाचणी) मी बाईंना स्पष्ट सांगितलं, ताकद पूर्वीएवढी नाही. त्यांच्या दिव्यांना आणि पाण्याच्या पंपाला ती पुरेशी होती. त्या बॅटऱ्या आणखी दोन उन्हाळे चालल्या.

सगळ्याच उठत नाहीत. प्लेटांवर सल्फेट घट्ट बसलं किंवा एखादा सेल शॉर्ट झाला की मी गिऱ्हाइकाकडून पैसे घेत नाही, बॅटरी सरळ रिसायकलिंगला पाठवतो. लिथियमचं तंत्र वेगळं: व्होल्टेज शून्य दिसलं तरी बहुतेकदा आतल्या संरक्षक सर्किटनं ती बंद केलेली असते, योग्य चार्जरनं जागी होते. मात्र शून्य अंशाखाली तिला चार्ज करायचं नाही.

आता आम्ही ऑक्टोबरातच घरोघरी जाऊन बॅटऱ्या काढून आणतो. गाळ्याच्या मागच्या भिंतीला लाकडी मांडणी केली आहे, प्रत्येक बॅटरीवर खडूनं नंबर. महिन्याच्या पहिल्या शनिवारी मुलगी मीटर धरते, मी वहीत व्होल्ट लिहितो. १२.४ च्या खाली गेली की त्याच दिवशी चार्जिंगला.