तळाचं डिझेल वरच्यापेक्षा गरम

मी तेल मोजतो. जहाजातून किनाऱ्यावरच्या टाकीत माल उतरला की विकणारा एक आकडा सांगतो, घेणारा दुसरा, आणि दोघांच्या मधला माणूस म्हणून मी टाकीवर चढतो. हातात स्टीलची टेप, तिच्या टोकाला पितळी ओळंबा. फी दोघं निम्मी निम्मी देतात आणि संशयही दोघं घेतात. मीटर असताना हे कशाला, असं लोक विचारतात. मीटरवरून भांडण झालं की ते टेपनेच मिटतं, म्हणून.

ऑगस्ट २०२२ मध्ये मी श्रीलंकेत त्रिंकोमालीला होतो. चायना बेच्या मागच्या रानात ब्रिटिशांनी १९३०च्या दशकात बांधलेल्या टाक्या आहेत. आज ९९ उरल्यात, एकेक साधारण १२ हजार किलोलिटरची. एप्रिल १९४२ च्या हल्ल्यात एक जपानी विमान एका टाकीवर येऊन आदळलं, तिचा वाकलेला पत्रा अजून तिथे पडून आहे. बहुतेक टाक्या रिकाम्या, वेलींनी गिळलेल्या. खालच्या अंगाच्या काही मोजक्या टाक्या भारतीय कंपनी २००३ पासून चालवते. त्या महिन्यात त्यांच्याकडे सगळ्या देशाचं लक्ष होतं, कारण परकीय चलन संपल्यामुळे तेल विकत घ्यायलाच पैसे नव्हते. जुलैअखेर क्यूआर कोडवर रेशन सुरू झालं होतं. दुचाकीला आठवड्याला ४ लिटर, मोटारीला आणि व्हॅनला २०.

आमचं जहाज साधारण साडेनऊ हजार किलोलिटर डिझेल घेऊन आलं होतं. उतरवणं दुपारी दीडला संपलं. त्या किनाऱ्याला ऑगस्टमध्ये कच्चान नावाचा कोरडा, भाजणारा वारा असतो, आणि टाकीच्या छपरावर बुटाचा तळ मऊ पडतो. फाटकाबाहेर बाउझर, म्हणजे तेलाचे टँकर, उभे होते. त्यांच्यामागे, त्यांचा काही संबंध नसताना, खाजगी गाड्याही येऊन थांबल्या होत्या. जहाज आलं ही बातमी तिथे वाऱ्यापेक्षा लवकर पोचायची.

डिप घेणं, म्हणजे टेप सोडून तेलाची खोली मोजणं, सोपं वाटतं. ओळंबा तळाला टेकला की हाताला एक बारीक ठोका लागतो, तो ओळखायला मला दोन वर्षं लागली. ठोक्यानंतर अर्धा सेकंद जास्त सोडली की टेप ढिली पडते. त्या टाकीत एक मिलिमीटर म्हणजे जवळजवळ हजार लिटर. मी तीनदा डिप घेतली, तिन्ही जुळल्या. पाणी लागलं की रंग बदलणारी पेस्ट ओळंब्याला लावून पाहिली, रंग बदलला नाही. इथवर माझ्यावर बोट ठेवायला जागा नाही, हे आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

मग तापमान. डिझेल उष्णतेने फुगतं, म्हणून सगळा हिशोब १५ अंशांवर आणून करतात. टाकीत आधीचा धरून अकरा हजार किलोलिटर माल असेल तर एका अंशाच्या चुकीने नऊ हजार लिटर कागदावरून गायब होतात किंवा कागदावर जन्माला येतात. इलेक्ट्रॉनिक थर्मामीटरची बॅटरी मेली होती आणि तशी दुसरी त्या आठवड्यात गावात मिळेना. म्हणून मी जुना काचेचा काढला, खाली वाटी असलेला. तो खाली सोडून काही मिनिटं नुसतं उभं राहायचं असतं. खालून फोरमन विचारत होता, "सर, झालं का?" मी तळ, मध्य, वर असे तीन आकडे घेतले : ३३.५, ३३.०, ३२.५. सरासरी ३३.

हिशोब केला, तर जहाजाच्या आकड्यापेक्षा माल १८ किलोलिटर कमी. म्हणजे ०.१९ टक्के. एरवी अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर कुणी मान वर करून बघत नाही. त्या दिवशी सगळ्यांनी बघितलं. अठरा हजार लिटर म्हणजे ९०० व्हॅनचं आठवड्याचं रेशन, हे मला टर्मिनलच्या कारकुनाने कॅल्क्युलेटर न घेता सांगितलं. मी जहाजावर जाऊन चीफ ऑफिसरच्या हातात प्रोटेस्टचं पत्र, म्हणजे माल कमी उतरल्याची लेखी हरकत, दिलं. तो मला हाताला धरून डेकवर घेऊन गेला. जहाजाच्या टाक्यांचं एकेक झाकण उघडून म्हणाला, "कोरड्या आहेत. वाक आणि बघ." मी वाकलो, बघितलं. कोरड्याच होत्या. तरी पत्र परत घेतलं नाही. त्याने 'पोच, अमान्य' असं लिहून सही केली आणि पहाटे जहाज गेलं.

संध्याकाळी फाटकाशी एका व्हॅनवाल्याने विचारलं, "जहाजात तेल चोरलं म्हणे?" मी काहीच बोललो नाही. निदान 'नाही' एवढं तरी म्हणायला हवं होतं.

टाकी रात्रभर सील होती. पहाटे परत चढलो, कारण झोप लागली नव्हती. माझ्याबरोबर टर्मिनलचे म्हातारे मदतनीस होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. डिप तीच, मिलिमीटरसुद्धा हलली नव्हती. थर्मामीटर या वेळी नीट भिजू दिला. ३१.०. तिन्ही पातळ्यांवर जवळजवळ तेच.

माल खरंच दोन अंश थंड झाला असता, तर आकसून अठरा मिलिमीटर खाली बसला असता. बसला नव्हता. म्हणजे काल दुपारीही तो ३१च होता. मी वही उघडली. तळ ३३.५, वर ३२.५. तळाचं तेल वरच्यापेक्षा गरम! उन्हात तापलेल्या टाकीत गरम माल वर असतो, हे शिकाऊ पोरगाही सांगेल. मी तळापासून सुरुवात केली होती, म्हणून पहिला आकडा सगळ्यात चढा. छपरावर ठेवलेला थर्मामीटर तापला होता आणि प्रत्येक खेपेला थोडा थोडा निवत होता. मी तेलाचं नाही, थर्मामीटरचंच तापमान लिहून आणलं होतं.

अण्णा म्हणाले, "काल तुम्ही घाईत होता, सर." मग काल का नाही बोललात, असं विचारल्यावर ते टेप पुसत राहिले. मदतनिसाने सर्वेयरला टोकायचं नाही, हे आमच्या धंद्यात कुठेच लिहिलेलं नाही आणि सगळीकडे पाळलं जातं.

दुरुस्त हिशोबात जेमतेम अर्धा किलोलिटर फरक उरला. मी पत्र मागे घेतल्याचा ईमेल जहाजाला, विकणाऱ्याला, घेणाऱ्याला, तिघांनाही पाठवला. घेणाऱ्याने 'नोंद घेतली' असं कळवलं. चीफ ऑफिसरकडून काहीच आलं नाही. फाटकावर तर कुणाला ईमेल पाठवणार? तिथे 'जहाजात चोरी झाली' हेच शेवटपर्यंत राहिलं असणार.

घरी आल्यावर मी जुन्या वह्या काढल्या. बारा वर्षांच्या. काचेच्या थर्मामीटरच्या नोंदी तेवढ्या चाळल्या, तळ-मध्य-वर, तळ-मध्य-वर. दोन ठिकाणी तळ वरच्यापेक्षा गरम आहे. दोन्हीकडे फरक अर्ध्या टक्क्याच्या आत, दोन्हीकडे माझी सही.