मुंबई–लंडन, नाशिकच्या खोलीतून: दहा तासांच्या सिम-उड्डाणाचा खराखुरा हिशेब

‘ऑटोपायलट लावायचा, झोपायचं, उठून विमान उतरवायचं.’ कॉम्प्युटरवरच्या फ्लाइट सिम्युलेटरमधल्या लांबच्या उड्डाणाबद्दल मला तिघांनी हेच सांगितलं. तिघांपैकी एकानेही मुंबई–लंडन एका बैठकीत पुरं केलेलं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. म्हणून हे सविस्तर लिहितोय. माझे दोन शनिवार गेले आणि पैसेही गेले, तुमचे जाऊ नयेत.

आधीच सांगतो, हे नवशिक्यांसाठी नाही. बोइंग ७७७ थंड अवस्थेतून (सगळं बंद असताना) सुरू करता येतं, एफएमसीत (विमानाच्या मार्ग-संगणकात) मार्ग भरता येतो, आयएलएस (धावपट्टीकडे नेणारे रेडिओ संकेत) धरून उतरता येतं, एवढं मी धरून चाललोय. ते जमत नसेल तर आधी मुंबई–गोवा दहा वेळा करा.

विमान बोइंग ७७७-३००ईआर. सिमब्रीफ या उड्डाणाचा आराखडा बनवणाऱ्या वेबसाइटने काढून दिलेला मार्ग अरबी समुद्रावरून ओमान, सौदी, इराक, तुर्कस्तान, मग रोमानिया, हंगेरी, जर्मनी, हॉलंड आणि उत्तर समुद्र ओलांडून लंडनचा हीथ्रो विमानतळ. वेळ नऊ तास पन्नास मिनिटं. इंधन ८६ टन, त्यातलं प्रवासात जळणारं ७६ टन. उड्डाणाच्या वेळचं वजन ३०५ टन. या विमानाची कमाल मर्यादा सुमारे ३५१ टन आहे, त्यामुळे मुंबईची धावपट्टी पुरेल का वगैरे चिंता करू नका.

पहिला प्रयत्न मे महिन्यातल्या शनिवारी, सकाळी अकरा वाजता. अरबी समुद्रावर काहीच घडत नाही. मस्कतपर्यंतचे दोन तास छान गेले, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दीड वाजता आईने जेवायला हाक मारली. जेवलो आणि दिलेल्या सल्ल्याप्रमाणे झोपलो. पाच वाजता उठलो तर विमान अजून ३२ हजार फुटांवरच होतं. इंधन जळून विमान हलकं होत जातं तसं त्याला वर न्यावं लागतं: ३२, मग ३४, मग ३६, शेवटी ३८ हजार. पश्चिमेकडे जाताना समसंख्येच्याच पातळ्या मिळतात. एफएमसीत चढाईचे टप्पे भरलेले असले तरी ऑटोपायलट आपल्या मनाने वर जात नाही. समोरच्या काचेखालच्या ऑटोपायलटच्या पॅनेलवर, म्हणजे एमसीपीवर, नवी उंची फिरवून बटण दाबावंच लागतं. दोन टप्पे माझ्या झोपेत गेले आणि टनभर इंधन जास्त जळलं. झोपण्याचा सल्ला तिथेच खोटा ठरला होता.

खरा दणका सव्वासहाला बसला. वळीव आला. सिडकोत राहणाऱ्यांना मे महिन्याची संध्याकाळ वेगळी सांगायला नको. आधी वावटळ, मग दोन-चार टपोरे थेंब, आणि लाइट गेली. टेबलाखाली नवाकोरा यूपीएस होता, म्हणून मी निश्चिंत होतो. यूपीएसने एकदा ‘पीं’ केलं आणि पडदा काळा झाला. सव्वासात तास उडालेलं विमान हंगेरीच्या हद्दीवर होतं, ते गेलं. मी अंधारात बसून राहिलो. बायको मेणबत्ती घेऊन आली, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता परत गेली.

या यूपीएसवर मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण राग अजून गेलेला नाही. एम. जी. रोडवरच्या एका दुकानात मी स्पष्ट विचारलं होतं, ‘गेमिंगचा पीसी आहे, दहा तास चालतो, लाइट गेली तर पंधरा मिनिटं तग धरेल का?’ उत्तर आलं, ‘बिनधास्त न्या साहेब, वीस मिनिटं कुठे गेली नाहीत.’ ४,८०० रुपये दिले. आठवड्याने तोच डबा, तोच मॉडेल नंबर, दुसऱ्या गल्लीत ३,१०० ला बघितला. पण जास्तीचे सतराशे रुपये ही या प्रकरणातली लहान गोष्ट आहे. मोठी गोष्ट डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात होती: ६०० व्हीए, ३६० वॉट. आपण व्हीएचा मोठा आकडा वाचतो आणि फसतो. माझा कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून उड्डाणात ४५० वॉट ओढतात. मी नंतर प्लगमध्ये लावायचा मीटर आणून मोजलं. ४५० वॉटचं ओझं ३६० वॉटच्या यूपीएसवर पडलं की तो एक मिनिटही टिकत नाही, बंदच होतो. आणखी एक भानगड अशी, की स्वस्त यूपीएस बॅटरीवर आला की पायऱ्यापायऱ्यांचा करंट देतो आणि हल्लीच्या बऱ्याच चांगल्या एसएमपीएसना (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायना) तो मानवत नाही. दुकानदाराला हे माहीत नसेल तर त्याने सांगायला नको होतं. माहीत असेल तर मग बोलायलाच नको.

उपाय घरातच होता. हॉलचे पंखे-दिवे चालवणारा इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे पायऱ्या नसलेला करंट देणारा आहे आणि त्याच्या मागे एक छोटं बटण आहे, त्यावर ‘यूपीएस’ असं लिहिलंय. ते बटण त्या बाजूला केलं की लाइट गेल्यावर इन्व्हर्टर झटकन बॅटरीवर येतो. एसएमपीएस साधारण १६ मिलिसेकंद आपल्या दमावर तग धरतो, बदल त्याच्या आत झाला पाहिजे. नेहमीच्या मोडमध्ये तो होत नाही, म्हणून लोक म्हणतात ‘इन्व्हर्टरवर पीसी बंद पडतो’. इलेक्ट्रिशियनने माझ्या खोलीत इन्व्हर्टरचा एक पॉइंट काढून दिला, सहाशे रुपयांत. इन्व्हर्टरची वॉटची क्षमता आधी बघून घ्या आणि त्याच लाइनवर फ्रिज नको. मग भर दुपारी मेन स्विच पाडून तीनदा चाचणी घ्या, विमान आकाशात असताना नव्हे. दुसरं म्हणजे क्रूझमध्ये (उंची गाठल्यावरच्या सरळ उड्डाणात) फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, ३० वर बांधून टाका. ढगांवरून सरळ जाताना ६० फ्रेमची गरज नाही. माझ्याकडे ४५० वॉटचे ३०० झाले आणि खोलीही कमी तापली. नाशिकच्या मे महिन्यात, बंद खोलीत दहा तास, हा फरक लगेच जाणवतो.

कॉम्प्युटरच्या सेटिंगमधल्या तीन गोष्टी घाईघाईने सांगतो. स्लीप पूर्ण बंद. यूएसबीची वीज वाचवणारी सोय बंद, नाहीतर तासन्‌तास हात न लावलेला जॉयस्टिक मध्येच ‘गायब’ होतो. आणि विंडोजची अपडेट आठवडाभर थांबवून ठेवा. ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’ (ज्या वेळात विंडोज आपणहून रीस्टार्ट होत नाही) जास्तीत जास्त १८ तासांचे ठेवता येतात, त्यात उड्डाण बसतं, पण मी दोन्ही करतो.

दुसरा प्रयत्न जूनच्या पहिल्या आठवड्यात. वळवाची धास्ती घेऊन मी शुक्रवारी रात्री १०.४० ला निघालो. मोठी चूक. दिवसभर अंबडला शिफ्ट केलेली, त्यावर रात्रभर जागरण. या वेळी प्रत्येक चढाईच्या टप्प्याला गजर लावला होता, त्यामुळे ३८ हजारांपर्यंत सगळं वेळेवर झालं. इराक, तुर्कस्तान, काळ्या समुद्राचा किनारा, सगळं अंधारात. बरं चाललं होतं.

आता शेवटच्या चाळीस मिनिटांबद्दल. सगळ्या प्रवासात खरं सांगण्यासारखं एवढंच आहे.

हीथ्रोला पूर्वेकडून येताना उतरण उत्तर समुद्रावर सुरू होते. ३८ हजार फुटांवरून हजार फुटांना तीन नॉटिकल मैल या हिशेबाने ११४ मैल, वर वेग कमी करायला दहा-पंधरा. बोइंगचा एफएमसी हा उतरणीचा बिंदू, टॉप ऑफ डिसेंट, नकाशावर दाखवतो. पण एमसीपीवर खालची उंची तुम्ही आधी फिरवून ठेवलेली नसेल तर विमान त्या बिंदूवरून सरळ पुढे निघून जातं. दहाएक मैल आधी ‘रीसेट एमसीपी ऑल्ट’ असा संदेश येतो. मला तो दिसला होता. सकाळचे साडेसात वाजले होते, मी तो वाचला आणि तसाच बसून राहिलो. डोळे उघडे होते, डोकं चालत नव्हतं. जागं राहणं आणि शुद्धीत असणं यांतला फरक त्या पाच मिनिटांत कळला.

पाच मिनिटं म्हणजे किती? विमान मिनिटाला आठ मैल कापतं. चाळीस मैल. म्हणजे तेरा हजार फूट जास्त उंचावर. भानावर येऊन उंची फिरवली, पंखांवरचे स्पीडब्रेक पूर्ण ओढले, तरी ७७७ पटकन खाली बसत नाही; त्याचे पंख तरंगण्यासाठीच केलेत. नाक खाली केलं की वेग वाढतो, वेग सांभाळला की उंची उतरत नाही. लॅम्बोर्नवर पोचलो तेव्हा वीस हजार फुटांच्या आसपास होतो. हीथ्रोची चार घिरट्यांची ठिकाणं आहेत: लॅम्बोर्न, बोव्हिंग्डन, ऑकम आणि बिगिन. तुमच्या मार्गाचं जे असेल त्याचं होल्ड (घिरट्यांचा मार्ग) एफएमसीत आधीच भरून ठेवा. मी ऐनवेळी, थरथरत्या बोटांनी भरलं. तीन फेऱ्या मारल्या आणि उंची उतरवली. राखीव इंधन होतं म्हणून चाललं.

अजून एक चूक बाकी होती. लंडनच्या आसपास ६,००० फुटांच्या खाली उंचीमापकावर तिथल्या हवेचा स्थानिक दाब लावायचा असतो. त्या दिवशी तो १००४ होता आणि माझ्या उंचीमापकावर अजून १०१३ च. नऊ हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे साधारण अडीचशे फूट, म्हणजे उंचीमापकावर दिसत होतं त्यापेक्षा मी अडीचशे फूट खाली होतो. आयएलएसच्या आधारावर येत होतो म्हणून निभावलं. ढगांत, नुसत्या उंचीच्या भरवशावर असतो तर जमिनीवरच आदळलो असतो.

आणि मग ढगातून बाहेर आलो. पहाटेची निळी लंडन, समोर ‘२७ उजवी’ धावपट्टीच्या दिव्यांची रांग. चाकं टेकली तेव्हा मी खुर्चीत उभा राहिलो. इतका आनंद मला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. आई पूजेला बसली होती, तिने तिथूनच विचारलं, ‘पोचलास का रे?’ माझे डोळे भरून आले.

म्हणून माझं स्पष्ट मत: रात्री निघू नका. कितीही तरुण असा, कितीही चहा प्या. शनिवारी सकाळी सहाला निघा. उन्हाळ्यात इंग्लंड आपल्यामागे साडेचार तास असतं, म्हणजे तुमच्या दुपारी चारला तिथले साडेअकरा वाजलेले असतात, स्वच्छ उजेड, आणि तुमचं डोकंही ताळ्यावर. वळीव बहुतेक चारनंतर येतो.

झोपायचं असेल तर नीट झोपा. लांबच्या उड्डाणांवरच्या वैमानिकांना ठरवून विश्रांती देऊन बघणारा नासाचा एक अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यात ४० मिनिटांची सवलत होती आणि वैमानिक सरासरी २६ मिनिटं झोपले. तेवढ्यानेही त्यांची सतर्कता सुधारली. मी तेच माप घेतलंय: चाळीस मिनिटांचा गजर, दोन चढाईच्या टप्प्यांच्या मध्ये, तुर्कस्तानच्या आधी. उतरणीच्या शेवटच्या पाऊण तासात डोळा लागता कामा नये. बिंदूच्या वीस मिनिटं आधी उभे राहा, तोंड धुवा, दाब कागदावर लिहा, होल्ड भरा, आणि एमसीपीवर खालची उंची तेव्हाच फिरवून ठेवा. उंची फिरवणं विसरलात तर बाकी सगळं व्यर्थ.

व्हॅटसिमवर (खरी माणसं नियंत्रक असलेल्या ऑनलाइन सिम नेटवर्कवर) उडत असाल तर अर्ध्या तासाहून जास्त वेळ कॉम्प्युटर सोडून जाता येत नाही, तसा नियमच आहे. चाळीस मिनिटांची झोप त्यात बसत नाही. म्हणून पहिलं लांबचं उड्डाण ऑफलाइनच करा. वेळ चौपट करून पळवण्याचा मोह होईल. अरबी समुद्रावरच्या सरळ रेषेत चालतं, पण वळणांवर विमान नागमोडी जायला लागतं, आणि मुख्य म्हणजे दहा तासांचा थकवा सोसून उतरवणं हीच या प्रवासाची परीक्षा आहे. पळवायचंच असेल तर दिल्लीला जा.

पैशांचं एक शेवटचं. सिमसाठी चांगलं ७७७ विमान विकत घ्यायचं तर किंमत डॉलरमध्ये असते. जाहिरातीतल्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी आणि वर कार्डाचा परकीय चलनाचा आकार धरून चला. मी धरला नव्हता.

परतीचं लंडन–मुंबई पुढच्या रविवारी केलं. वारा पाठीशी, साडेआठ तास, सगळं सुरळीत.

लंडनला निघण्याआधी एक करा. दुबई–मुंबई पावणेतीन तासांचं आहे. कामावरून दमून आलेल्या तीन संध्याकाळी ते उडवा आणि फक्त उतरणीचा बिंदू सांभाळा. तीनपैकी तिन्ही वेळा उंची वेळेवर फिरवली गेली तर शनिवारी सहाचा गजर लावा. एकदाही चुकली तर आणखी तीन संध्याकाळी उडवा.