होल्डन शिकवताना

सॅलिंजरची 'द कॅचर इन द राय' ही कादंबरी शिकवायला घेतली की निम्मा वर्ग वैतागतोच, सर हा होल्डन नुसता किरकिर करतो, बापाकडे पैसा आहे, शाळेतून काढलंय तर न्यूयॉर्कमध्ये हॉटेलात राहतोय, याला कसलं आलंय दुःख? मी वाद घालत नाही, सरळ अ‍ॅलीच्या ग्लोव्हवर येतो. धाकटा भाऊ ल्युकेमियाने गेलेला, त्याच्या बेसबॉल ग्लोव्हवर हिरव्या शाईतल्या कविता, आणि तो गेला त्या रात्री १३ वर्षांच्या होल्डनने गॅरेजच्या काचा मुठीने फोडल्या. इथे पोरं जरा सावरून बसतात. कुणीतरी नेमाडेंच्या 'कोसला'तली नायकाची बहीण मनी काढतं, एक कादंबरी १९५१ची, दुसरी १९६३ची, दोन्हीकडे धाकटं भावंड आजारात जातं. मग तास संपला तरी कुणी उठत नाही, पण पेपरात प्रश्न काय तर होल्डनचं स्वभावचित्र लिहा, कप्पाळ!