ओ-थ्रीवर घेतलेला नाहक संशय

पावसाच्या नोंदींची सरासरी काढण्यासाठी मी सी भाषेत लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम वापरतो. ज्या दिवसाची नोंद हाती नसते, तिथे मी ‘नॅन’ (‘ही संख्या नाही’ असे सांगणारी खास किंमत) ठेवतो आणि बेरीज करताना ‘इझनॅन’ने तपासून तो दिवस वगळतो. वेग वाढावा म्हणून जीसीसीला, म्हणजे प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरला, ‘ओ-टू’ या वेगाच्या पातळीऐवजी ‘ओ-फास्ट’ हा पर्याय दिला, तर वर्षाची सरासरीच ‘नॅन’ अशी छापून आली.

मला वाटले, ओ-फास्टमध्ये सामावलेल्या ‘ओ-थ्री’ या ओ-टूच्या वरच्या पातळीची आक्रमकता नडली. प्रत्यक्षात नुसत्या ओ-थ्रीने उत्तर बिनचूक येत होते. ओ-फास्ट म्हणजे ओ-थ्री आणि वर ‘फास्ट-मॅथ’चे गाठोडे. त्या गाठोड्यातल्या ‘फायनाइट-मॅथ-ओन्ली’चा अर्थ असा की, या प्रोग्रॅममध्ये नॅन किंवा अनंत कधीच येणार नाही, अशी हमी आपण कंपायलरला देतो. मग इझनॅनची तपासणी त्याच्या लेखी निरर्थक ठरते आणि तो ती खुशाल काढून टाकतो. हमी माझीच होती, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही.

त्याच गाठोड्यातला, बेरजेचा क्रम बदलण्याची मुभा देणारा ‘असोसिएटिव्ह-मॅथ’ अधिक घातक, कारण त्यात उत्तर गुपचूप बदलते. एकावर सोळा शून्ये एवढ्या संख्येत ‘डबल’ या सीमधल्या अपूर्णांक साठवणाऱ्या प्रकारात एक मिळवला, तर संख्या हलत नाही, कारण तिथे शेजारच्या दोन संख्यांमध्ये २ चे अंतर असते. एक-एक करून दोनदा मिळवा, बेरीज तेवढीच राहते. आधी एक अधिक एक करून मग मिळवा, ती २ ने वाढते. विल्यम कहान यांची १९६५ची बेरजेची रीत असा निसटलेला अंश टिपून ठेवते, पण त्यासाठीची वजाबाकी बीजगणिताच्या दृष्टीने शून्य असल्यामुळे, क्रम बदलण्याची मुभा मिळालेला कंपायलर ती सगळी दुरुस्तीच पुसून टाकू शकतो.

फास्ट-मॅथ काढले तरी एक खाच उरते. मानक सीचा आग्रह धरला नसेल आणि प्रोसेसरमध्ये सोय असेल, तर जीसीसी गुणाकार व बेरीज एकाच सूचनेत जोडते आणि राउंडिंग (उत्तर साठवता येईल अशा जवळच्या संख्येवर आणणे) एकदाच होते. एरवी हे अचूकतेला पोषकच असते. मात्र ‘अ वर्ग वजा ब वर्ग’ काढताना दोन्ही संख्या समान असल्या, तरी एका वर्गाचे राउंडिंग होते आणि दुसऱ्याचे होत नाही. उत्तर किंचित ऋण निघू शकते आणि त्याचे वर्गमूळ पुन्हा नॅन.

कंपायलरला द्यायचे पर्याय लिहिलेल्या माझ्या मेकफाइलमध्ये आता ओ-थ्री, ‘एफपी-कॉन्ट्रॅक्ट’ (गुणाकार-बेरजेची वरची जोडणी) बंद आणि गाठोड्यातला ‘नो-मॅथ-एर्नो’ (गणिती चुकीची वेगळी नोंद ठेवू नको, असे सांगणारा) एवढेच आहे. या शेवटच्या पर्यायाने वर्गमूळ थेट प्रोसेसरच्या सूचनेने निघते आणि उत्तराच्या एकाही अंकाला धक्का लागत नाही.